इतिहास विचारावा लागतो

आपल्या पुराणग्रंथांची रचना पाहिली, की एक गोष्ट सहज ध्यानात येते. राजगृहाजवळील विपुलाचलावर भगवान महावीरांचे समवसरण भरलेले असते, मगधाधिपती श्रेणिक विनयाने उभा राहून गौतम गणधरांना प्रश्न करतो आणि मग कथेला आरंभ होतो. श्वेतांबर परंपरेतील भगवतीसूत्रात तेच गौतम स्वतः प्रश्नकर्ते होतात व भगवान उत्तरे देतात. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छनेला स्थान दिले आहे. जाणत्याजवळ जाऊन विचारणे हे आपल्याकडे ज्ञानसाधनेचे अंगच मानले गेले.

धर्मकथेच्या बाबतीत पाळलेली ही रीत ऐहिक इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण फारशी पाळली नाही. पणजोबांनी मारवाड, गुजरात किंवा कर्नाटक सोडून या गावी पेढी का घातली, पहिले भांडवल कोठून आले, कोणत्या वर्षी दिवाळे निघता निघता राहिले, याची उत्तरे बहुतेक घरांत एखाद्याच वृद्धाच्या स्मरणात असतात, आणि ते वृद्ध गेले की त्यांच्याबरोबर जातात. या संदर्भात अमेरिकन लोकांनी आपला इतिहास जाणकारांशी, लेखकांशी आणि सामान्य माणसांशी बोलून कसा जमवला, हे पाहणे उद्बोधक ठरते. १७७६ साली स्वातंत्र्याची घोषणा करणाऱ्या त्या राष्ट्राने १७९१ सालीच बोस्टन येथे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन केली. राष्ट्र पंधरा वर्षांचे होते, तेव्हाच त्याने आपली कागदपत्रे जपण्यास आरंभ केला. आज तेथे लहानलहान गावांतही स्थानिक इतिहासाची मंडळे आढळतात.

पत्रे थांबली, तेव्हा

कागदपत्रे जपणे ही पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीचे श्रेय ॲलन नेव्हिन्स यांना द्यावे लागते. मूळचे पत्रकार असलेले नेव्हिन्स पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. तेलसम्राट रॉकफेलर आणि मोटारउद्योगाचे जनक हेन्री फोर्ड यांची विस्तृत चरित्रे त्यांनी लिहिली, म्हणजे व्यापार-उद्योगाकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एक चिंता मांडली. पूर्वी माणसे पत्रे लिहीत, रोजनिशी ठेवीत. टेलिफोन आणि मोटार आल्यापासून महत्त्वाचे निर्णय बोलण्यातच होऊ लागले आणि त्यांचा कागद मागे राहीनासा झाला. यावर त्यांचा उपाय असा, की कर्तबगार माणसे हयात असतानाच इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे जावे, पूर्वतयारी करून प्रश्न विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी नोंदवून ग्रंथालयात ठेवावीत.

१९४८ साली कोलंबिया विद्यापीठात हे काम प्रत्यक्ष सुरू झाले. आरंभी मदतनीस विद्यार्थी हाताने टिपणे घेत असे. लवकरच ध्वनिमुद्रण यंत्र आले. या पद्धतीला पुढे मौखिक इतिहास हे नाव रूढ झाले.

नेव्हिन्स यांची चिंता आपल्या पेढ्यांना आज तंतोतंत लागू पडते. जुन्या पेढीवर परगावच्या अडत्यांची पत्रे तारेत ओवून ठेवलेली असत. भाव, मालाची प्रत, हुंडीची मुदत, सोबत घरच्या मंडळींची खुशाली, सारे त्यांत असे. आता सौदा भ्रमणध्वनीवर होतो आणि संदेश चार महिन्यांनी पुसला जातो. रोजमेळ संगणकात गेला. आकडे राहिले, पण त्या आकड्यांमागचा विचार कोठेच उतरला नाही.

साधा प्रश्न, सावकाश ऐकणे

नेव्हिन्स यांचा भर प्रामुख्याने मोठ्या माणसांवर होता. शिकागोच्या स्टड्स टर्केल यांनी ही रीत सामान्यांपर्यंत नेली. त्यांचे आईवडील शिकागोत एक साधे निवासगृह चालवीत. तेथे उतरणाऱ्या कामगारांच्या आणि फिरस्त्यांच्या गप्पा ऐकत ते वाढले. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिली केली नाही. सुमारे पंचेचाळीस वर्षे शिकागोच्या एका नभोवाणी केंद्रावर ते माणसांशी बोलत राहिले. १९७० साली त्यांनी १९२९ नंतरच्या महामंदीच्या आठवणी संकलित केल्या आणि १९७४ साली शंभराहून अधिक श्रमिकांच्या व व्यावसायिकांच्या मुलाखतींचा ग्रंथ काढला. त्यात पोलाद कारखान्यातील मजूर आहे, उपाहारगृहातील वाढपी स्त्री आहे, थडगी खणणाराही आहे.

महामंदीच्या ग्रंथातील एक निरीक्षण व्यापाऱ्यांनी मनन करावे असे आहे. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या, लाखो लोक बेकार झाले. संकट देशव्यापी होते. तरीही टर्केल यांच्याशी बोलणाऱ्या अनेकांनी दोष स्वतःकडेच घेतला होता, आणि ती लाज चाळीस वर्षे मनात दडवून ठेवली होती. कोणी आस्थेने विचारले तेव्हाच ती बाहेर आली. बुडालेल्या धंद्याबद्दल आपल्या घरांत जे मौन पाळले जाते, त्याचे मूळही बहुधा अशाच लाजेत असते.

लेखकांशी आणि तज्ज्ञांशी संवाद कसा करावा, याचा वस्तुपाठ ब्रायन लॅम्ब यांनी घालून दिला. १९७९ साली त्यांच्या पुढाकाराने सी-स्पॅन ही वाहिनी सुरू झाली. तिचा खर्च केबल व्यावसायिकांच्या वर्गणीतून चालतो, जाहिराती नसतात. या वाहिनीवर १९८९ ते २००४ या काळात लॅम्ब दर रविवारी एका ग्रंथकाराशी तासभर बोलत. कथा-कादंबऱ्या वर्ज्य, आणि एका लेखकाला आयुष्यात एकदाच निमंत्रण, असा नियम होता. सुमारे आठशे ग्रंथकार या आसनावर बसून गेले. त्यांत इतिहासकारांची आणि चरित्रकारांची संख्या मोठी होती. लॅम्ब यांचे प्रश्न अगदी साधे असत. ही माहिती आपणांस कोठे मिळाली? आपण लिहायला कोठे बसता? त्या माणसाचे वडील काय करीत? स्वतःची विद्वत्ता दाखवण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. साध्या प्रश्नाला विद्वानालाही साधेच उत्तर द्यावे लागते, आणि घरी बसलेल्या श्रोत्याला तेच हवे असते.

लेखक आणि अभ्यासक

गोड सांगणारा प्रत्येक जण पुरते सांगतोच असे नाही, याचेही उदाहरण अमेरिकेतच मिळते. १९९० साली केन बर्न्स यांचा अमेरिकन यादवी युद्धावरील माहितीपट तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. त्यात सर्वाधिक लोकप्रिय झाले ते शेल्बी फूट. मूळचे कादंबरीकार असलेल्या फूट यांनी वीस वर्षे खपून या युद्धाचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिला होता, तोही दौतीत टाक बुडवून. दक्षिणेकडील मृदू उच्चार, एकाहून एक सरस आख्यायिका, सेनापतींच्या स्वभावाचे बारकावे, यांमुळे प्रेक्षक मंत्रमुग्ध झाले.

त्याच माहितीपटात कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार बार्बरा फील्ड्स याही होत्या. युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती आणि मुक्तीसाठी गुलामांनी स्वतःही झुंज दिली, हा मुद्दा त्यांनी सौम्य शब्दांत, परंतु ठामपणे मांडला. पुढे काही इतिहासकारांनी आक्षेप घेतला, की फूट यांच्या रसाळ कथनात पराभूत दक्षिणेविषयीचा जिव्हाळा अधिक आला आणि युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांचे काय झाले, हा विषय मागे पडला. या आक्षेपांचा स्वतंत्र ग्रंथही १९९६ साली निघाला. फूट यांची गोडी आणि फील्ड्स यांची कसोटी, दोन्ही हवीत. आपल्याकडे सत्कारसमारंभातील भाषणे आणि गौरवग्रंथ यांत पहिलीच बाजू भरपूर असते.

विचारणारा कोण?

याहून सूक्ष्म धडा १९३०च्या दशकातील एका सरकारी योजनेतून मिळतो. महामंदीत बेकार झालेल्या लेखकांना काम मिळावे म्हणून संघराज्य सरकारने १९३५ साली लेखक प्रकल्प सुरू केला. त्याअंतर्गत १९३६ ते १९३८ या काळात सतरा राज्यांतील, एकेकाळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेण्यात आल्या. असे २,३०० हून अधिक वृत्तांत आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत.

त्यांत दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन शहरी राहणाऱ्या सुसान हॅम्लिन या शंभरी ओलांडलेल्या कृष्णवर्णीय वृद्धेच्या दोन मुलाखती आहेत. पहिली जेसी बटलर या गौरवर्णीय स्त्रीने घेतली. ही बाई सरकारी मदतीच्या कार्यालयातून आली असावी, अशी वृद्धेची समजूत झालेली दिसते. तिने मालकाची स्तुती केली, तो प्रेमळ होता असे सांगितले. दुसऱ्या वेळी ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय मुलाखतकार तिच्याकडे गेला. त्याला तिने फटक्यांच्या शिक्षा आणि विक्रीमुळे ताटातूट झालेल्या मायलेकरांचा आक्रोश सांगितला. स्त्री तीच, घर तेच, आठवणीही त्याच काळातल्या. विचारणारा बदलला आणि इतिहास बदलला.

अनेकान्ताचा संस्कार असलेल्या वाचकाला यात आश्चर्य वाटू नये. प्रत्येक कथन कोणत्या तरी नयाने, कोणत्या तरी अपेक्षेने केलेले असते, हे आपण स्वाध्यायात शिकतो. पेढीच्या इतिहासाला मात्र आपण ते लावत नाही. शेटजींच्या चिरंजीवांनी जुन्या दिवाणजींना विचारले, "आमचे बाबा कसे होते?" तर उत्तर काय येणार हे ठरलेलेच असते. तोच प्रश्न कोणा तटस्थ शिक्षकाने, पेढीबाहेर, चहा घेता घेता विचारला, तर पगार किती वर्षे वाढला नव्हता आणि आजारपणात शेटजींनी किती मदत केली, ही दोन्ही सत्ये बाहेर येतील. हमाल, मापाडी, जिनिंगमधील कामगार, घरातील सुना, यांनाही पेढी ठाऊक असते. त्यांची पेढी वेगळी असते, एवढेच.

खामगाव आणि मिसिसिपी

स्थानिक इतिहास आणि अमेरिकेचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे कोणी समजेल. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांपुरते तरी ते खरे नाही. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले, अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तेथूनच येत असे. तो अडताच लँकेशायरची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला, नवनव्या बँका आणि समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअर्सचा सट्टा बेफाम झाला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै रोजी वायद्यांच्या फेडीचा दिवस उगवला, तेव्हा मुंबईतील मातबर घराणी धुळीला मिळाली.

या तेजीचे नायक होते शेठ प्रेमचंद रायचंद, आपल्याच समाजाचे. त्यांच्या दानातून उभा राहिलेला, मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. मातोश्रींना दृष्टी नव्हती, सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याची वेळ कळावी म्हणून घड्याळाचे ठोके, अशी कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचेही भांडवल असलेली बँक, शेअर्सच्या तारणावर दिलेल्या कर्जांपायी बुडाली. १८६८ साली तिच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, साक्षी नोंदवल्या गेल्या, त्यात प्रेमचंद यांच्या प्रभावाचीही चर्चा झाली. ही दुसरी कथा आपण सांगत नाही. त्याच नावाची नवी बँक त्याच वर्षी उभी राहिली. ती १९२१ साली इंपीरियल बँकेत विलीन झाली व १९५५ पासून स्टेट बँकेच्या रूपाने चालू आहे. ज्यांनी आयुष्यभर कर्जप्रकरणांची छाननी केली आहे, त्यांना या जुन्या प्रकरणात नवे काही वाटणार नाही. तारण फुगलेल्या भावाचे असले, की भाव उतरताच तारण नाहीसे होते. मुंबईचे दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हे दिवस स्वतः पाहिले होते आणि १९१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. पाहिलेल्या माणसाने लिहून ठेवल्यामुळेच ही हकीकत आज आपल्या हाती आहे.

तेजी ओसरली तरी वऱ्हाड बदलून गेले होते. खामगावची कापूसपेठ एवढी महत्त्वाची ठरली, की १८७० साली तेथील रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. हार्वर्ड विद्यापीठातील इतिहासकार स्वेन बेकर्ट यांनी २०१४ साली कापसाचा जागतिक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात मिसिसिपीचे मळे, लिव्हरपूलचा बाजार आणि वऱ्हाडचे शेतकरी एकाच सूत्रात ओवलेले आहेत. वऱ्हाडात अन्नधान्याची जमीन कापसाखाली गेली, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत त्याची किंमत त्याने मोजली, असे बेकर्ट दाखवतात. त्या वह्या कोणाच्या होत्या? त्यांतील काही आपल्याच पूर्वजांच्या असणार. त्या वह्यांत केवळ व्याज होते की दुष्काळात सोडलेले मुद्दलही होते, हे आपणच सांगू शकतो. आपण सांगितले नाही, तर आपल्यावाचून लिहिलेला इतिहास हाच इतिहास ठरेल. आणि केवळ दानधर्म सांगितला, तर त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आपला बनारसीदास

खरे सांगण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असे मात्र नव्हे. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले, श्रीमाल कुळातील कविवर बनारसीदास समयसार नाटकाचे कर्ते म्हणून स्वाध्यायमंडळांना परिचित आहेत. त्यांनी १६४१ साली अर्धकथानक नावाने स्वतःचे जीवनचरित्र पद्यात लिहिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ते ओळखले जाते. त्यात एका जैन व्यापाऱ्याने काय सांगितले आहे? आग्र्यात पहिल्याच व्यापारात आलेली खोट, हरवलेली रत्ने, कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर भागवलेली भूक, तरुणपणीचे स्वैर वर्तन, एकामागून एक गेलेली मुले आणि स्वतःचे गुणदोष, दोन्हींची सरळ यादी. आज चारशे वर्षांनी मोगलकालीन व्यापार समजून घेण्यासाठी अभ्यासक हा ग्रंथ उघडतात. त्या काळी कितीतरी अधिक धनाढ्य शेट असतील. आपले अपयश लिहून ठेवणारा मात्र चिरंजीव झाला.

काय करता येईल

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. घरातील सुशिक्षित मुलामुलींपैकी एकाने ते अंगावर घ्यावे. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण होते. आजोबांना किंवा आजींना एकटे गाठावे. चार माणसांत ते आदर्श कथाच सांगतील. एका बैठकीत तासाभराहून अधिक वेळ घेऊ नये. जुने छायाचित्र, एखादी हुंडी, वखारीची पावती समोर ठेवली की आठवणी जाग्या होतात. प्रश्न लहान असावेत. गावी प्रथम कोण आले? कोणाच्या ओळखीने? पहिला माल कोणता? उधारी कोणी दिली? कोणत्या वर्षी सर्वांत मोठी खोट आली आणि तेव्हा कोण उभे राहिले? कोणाशी भांडण झाले? धर्माला पटणार नाही म्हणून कोणता माल विकला नाही? उत्तर थांबले, तरी आपण लगेच बोलू नये. स्तब्धतेनंतरच खरे वाक्य येते.

मग पडताळा घ्यावा. तोंडी सांगण्याला वहीचा आधार आहे का, ते पाहावे. सन चुकला असेल, पण घटना खरी असू शकते. वही आणि वाचा जुळत नसतील तर दोन्ही नोंदवावीत, एकीने दुसरीला पुसू नये. त्याच काळाविषयी जुने दिवाणजी, शेजारचा दुकानदार, माहेरवाशीण आत्या यांच्याशीही बोलावे. आणि जेथे आपण विचारल्याने संकोच होईल, तेथे बाहेरच्या जाणत्या माणसाला पाठवावे. बोलणाऱ्याची संमती घ्यावी, जे जिवंत माणसाला दुखावील ते काही वर्षे बंद ठेवावे. अहिंसा येथेही पाळता येते. जुन्या वह्या रद्दीत किंवा पाण्यात जाण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला एकदा दाखवाव्यात. रिझर्व्ह बँकेने १९८१ साली आणि टाटा समूहाने १९९१ साली आपली अभिलेखागारे स्थापन केली. मोठ्या संस्थांना जे आवश्यक वाटले, ते चार पिढ्यांच्या पेढीला अनावश्यक कसे असेल?

पर्युषणानंतर क्षमापनेसाठी आपण घरोघरी जातो. मन मोकळे झालेले असते, वडीलधारी मंडळी भेटतात. विचारण्याला यापरता चांगला काळ नाही. आणि दिवाळीला वहीपूजन करताना एक कोरी वही अधिक मांडावी. तीत जमा-खर्च लिहू नये. वर्षभरात घरातील वृद्धांनी, नोकरांनी, जुन्या ग्राहकांनी जे सांगितले, ते सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून तीत उतरवावे. वह्यांची शिल्लक आपण दरसाल पुढे ओढतो. स्मरणाची शिल्लक पुढे ओढायला मात्र सांगणारा हयात असावा लागतो.